बाबा, त्याला तुमचं गाव दाखवाल?

रॅपिड सिटी, साउथ डकोटा
18 ऑगस्ट

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर आपलं बोलणं होतंच, पण बाबांना हल्ली फोनवर नीट ऐकू येत नाही आणि ही गोष्ट मला तुटक तुटक सांगायची नाही, म्हणून लिहिते आहे. आई, तू मोठ्यानं वाचून दाखव. घाई करू नकोस.

नातोबा जुलैत त्याच्या लालांबरोबर पाच दिवस फिरून आला. लाला म्हणजे आजोबा. लाकोटा, म्हणजे यांच्या मूळ अमेरिकी जमातीच्या, भाषेतला पुरता शब्द तुंकाशिला, पण मुलं लालाच म्हणतात. दोघंच गेले, त्यांच्या जुन्या पिकअपमधून. मी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. तुमच्या व्याह्यांना धपाटे फार आवडतात, हे मला नातवाकडूनच कळतं.

आई, तुला आठवतं, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी तुला रडत फोन केला होता? सासरे माझ्याकडे बघत नाहीत, माझ्याशी एक शब्द बोलत नाहीत म्हणून. तेव्हा तू म्हणालीस, "अगं, तुझी आजी सासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायची नाही, तसलं काही असेल, विचारून बघ." तसंच निघालं. लाकोटांच्या जुन्या रीतीत सासरा आणि सून एकमेकांशी थेट बोलत नाहीत, तो एकमेकांना दिलेला मान असतो. आता त्यांना मला काही सांगायचं असलं की ते नातवाला सांगतात, मला स्वयंपाकघरात ऐकू जाईल अशा आवाजात. या पत्रातलं निम्मं मी तसंच ऐकलेलं आहे.

पहिल्या दिवशी ते मातो पाहाला गेले. अस्वलाचा डोंगर. सपाट गवताळ माळावर एकटाच उभा आहे. वाटेवरच्या झाडांना रंगीत कापडाच्या पट्ट्या आणि तंबाखूच्या पुरचुंड्या बांधलेल्या असतात. लोक तिथे अन्नपाणी सोडून प्रार्थनेला बसतात. लालांनी आधीच बजावलं होतं की कशाला हात लावायचा नाही आणि फोटो काढायचा नाही. आपला बडबड्या तासभर गप्प चालला म्हणे.

तिथून पुढे ईशान्येला, शायेन रिव्हरच्या, लाकोटांसाठी राखून ठेवलेल्या प्रदेशात. तिथे लालांचे नातेवाईक आहेत, आणि तिथे त्यानं नाती शिकली. बाबा, तुम्हाला हे आवडेल. यांच्याकडे आईच्या बहिणीलाही आईच म्हणतात, 'इना'. म्हणजे आपलं 'माय मरो पण मावशी उरो' इथे नुसत्या शब्दातच आलं. वडलांच्या भावालाही वडीलच म्हणतात, आणि वडलांसाठी शब्द आहे 'आते'! आपल्याकडे आते म्हणजे वडलांची बहीण हे कळल्यावर नातोबा लोळून लोळून हसला. मामाला मात्र वेगळा शब्द आहे, 'लेक्शी'. इंग्रजीत सगळेच अंकल, त्यामुळे त्याच्या वर्गातल्या मुलांना यातली गंमत कळत नाही. त्याला लगेच कळली, कारण तुम्ही दोघांनी त्याला मामा, काका, मावशी, आत्या वेगवेगळे ओळखायला लावलं होतं.

भाषेचं आणखी एक. तो मराठी माझ्याकडून शिकला म्हणून "मी येते, मी जाते" म्हणतो आणि बाबा दर वेळी "येतो म्हण रे" सांगतात. लाकोटातही पुरुषांच्या आणि बायकांच्या बोलण्यात फरक आहे. ठामपणे काही सांगताना पुरुष वाक्याच्या शेवटी 'येलो' लावतात. आता प्रत्येक वाक्याला त्याचा येलो लागतो, भूक लागल्याच्यासुद्धा. माझ्या नवऱ्याला हे लहानपणी कुणी शिकवलं नाही. लाला लहान असताना निवासी शाळेत लाकोटा बोलल्याबद्दल मार खात. आपल्या मुलांना तो मार बसू नये म्हणून घरात त्यांनी फक्त इंग्रजी ठेवलं. ते आता या मुलाशी लाकोटा बोलतात तेव्हा माझा नवरा शेजारच्या खोलीत काम थांबवून ऐकत असतो.

तिसऱ्या दिवशी ते मिसूरी नदीवर गेले. खरं तर तिथे नदी दिसत नाही, समुद्रासारखं पाणी दिसतं. ओआही धरणाचं पाणी. पुलाजवळ गाडी थांबवून लालांनी बोट दाखवलं आणि म्हणाले, "माझं घर तिथे आहे." होतं नाही, आहे.

नदीकाठची ती सखल जमीन म्हणजे त्यांचं सगळं होतं. कॉटनवुडची मोठमोठी झाडं, त्यांचं सरपण, त्यांच्या आडोशाला हिवाळ्यात गुरं. रानातले प्लम, चोकचेरी. आणि शेंगांच्या बियांची एक गोष्ट तर नातोबानं मला तीनदा सांगितली. तिथे एक रानउंदीर जमिनीखाली बिया साठवतो. बायका शरद ऋतूत काठीनं चाचपत ती बिळं शोधायच्या आणि बिया काढून घ्यायच्या, पण घेतल्या की तिथे मका किंवा थोडी चरबी ठेवायच्याच. उंदरानं हिवाळ्यात काय खायचं? लालांची आजी बिळापाशी बसून उंदराशी बोलायची, "तुझं घेते आहे, हे तुला ठेवते आहे." या बिया आता त्यांच्या भागात मिळत नाहीत, कारण ती जमीनच पाण्याखाली आहे.

खालच्या भागातले पूर थांबवायला आणि वीज करायला मिसूरीवर धरणांची मालिका बांधायचं 1944 मध्ये ठरलं. शायेन रिव्हरच्या लोकांची एक लाख एकरांहून जास्त जमीन गेली. 1954 च्या कायद्यानं जमातीला सुमारे 1 कोटी 6 लाख डॉलर मिळाले. थडगी उकरून हलवली. जुनं मुख्य गाव बुडालं आणि कचेऱ्या दूर ईगल ब्यूटला, उघड्या वाऱ्याच्या माळावर गेल्या. ऑगस्ट 1962 मध्ये अध्यक्ष केनेडी धरणाच्या समारंभाला आले होते.

बाबा, 1962. त्याच सुमारास तुमचंही गाव धरणाच्या पाण्यात गेलं. मी हे ऐकत पोळ्या लाटत होते आणि माझा हात थांबला.

चौथ्या दिवशी ते दक्षिणेला वुंडेड नीला गेले. त्या लहान मुलाला तिथे नेऊ नका, असं मी नवऱ्याकरवी सांगून पाहिलं होतं. डिसेंबर 1890 मध्ये शायेन रिव्हरकडचाच एक प्रमुख, स्पॉटेड एल्क, न्यूमोनियानं आजारी असताना साडेतीनशे माणसं घेऊन थंडीत पाइन रिज या दुसऱ्या राखीव प्रदेशाकडे निघाला होता. सैन्यानं त्यांना वाटेत गाठलं आणि 29 तारखेला सकाळी शस्त्रं काढून घेता घेता गोळीबार सुरू झाला. अडीचशेहून जास्त माणसं मेली, त्यात बायका आणि मुलंच अधिक. टेकडीवर एकच लांब खंदक खणून त्यांना पुरलं. नातोबानं विचारलं, "माझ्याएवढी मुलं होती?" लाला "हो" म्हणाले आणि त्याचा हात धरून उभे राहिले. त्यांच्या पणजीच्या घरची माणसं त्यात आहेत. आता मला वाटतं, त्यांनी नेलं ते योग्य केलं. ते दुसऱ्या कुणाकडून, पुस्तकातल्या चार ओळींतून कळण्यापेक्षा आजोबांच्या हातात हात असताना कळलेलं बरं.

परत आल्यापासून तो हिवाळ्यांची मोजणी काढतो आहे. लाकोटा वर्ष पहिल्या बर्फापासून पुढच्या पहिल्या बर्फापर्यंत मोजत. दर वर्षी वडीलधारे बसून त्या वर्षातली एक घटना निवडत, आणि ज्याच्याकडे मोजणी असे तो कातड्यावर तिचं एक चित्र काढी. तेच त्या वर्षाचं नाव. नोव्हेंबर 1833 मधला उल्कावर्षाव कितीतरी मोजण्यांत आहे, 'तारे पडले तो हिवाळा'. नातोबानं वाण्याच्या कागदी पिशवीवर आतून बाहेर गोल फिरत आपले दहा हिवाळे काढलेत. एकाचं नाव आहे 'आजी चप्पल घालून बर्फात गेली'. लालांनी बालपणातलं आपलं एक वर्ष त्याला काढून दिलं. कमरेपर्यंत पाण्यात उभं असलेलं झाड, बाकी काही नाही.

मग परवा संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात बसून लाला नातवाला म्हणाले, "तुझ्या दुसऱ्या आजोबांचं गावही पाण्याखाली आहे, असं तुझी आई म्हणाली होती. त्या वर्षाचं चित्र काय काढायचं ते त्यांना विचार." नातोबा माझ्याकडे बघायला लागला आणि मला काही सांगता येईना.

बाबा, मला तुमचं गाव माहीतच नाही. कोयनेत गेलं, एवढंच माहीत आहे. 1967 च्या भूकंपाची रात्र तुम्ही कितीदा सांगितलीत, पण गाव सोडलं तो दिवस कधीच नाही. ट्रंकेत सातबाऱ्याचा जुना उतारा आहे, त्यावरचा गट नंबर मी वाचला आहे. पण ओटा कोणत्या दिशेला होता, शेजारी कोण राहायचं, आजोबांनी देव कशात बांधून आणले, नव्या जागी पहिली रात्र कुठे काढलीत? मी कधी विचारलं नाही. तुम्हाला त्रास होईल असं वाटायचं. आता वाटतं, तुम्हीही कुणी विचारेल म्हणून थांबला असाल.

त्याची शाळा मेच्या अखेरीस संपते. पाऊस सुरू व्हायच्या आत आम्ही येतो. तेव्हा कोयना धरणाच्या शिवसागराचं पाणी खाली गेलेलं असेल. एकदा आई बोलली होती की उन्हाळ्यात तुमच्या देवळाचं जोतं उघडं पडतं. तुमच्या गुडघ्यांना झेपेल तिथवर गाडी नेऊ, पुढे नातू हात धरेल. मी मागे गाडीतच थांबेन, तुम्ही दोघंच जा. आई, डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेव.

आणि एक काम आहे. तुमची गोष्ट घेतली की तिथे काहीतरी ठेवायला हवं, असं त्यानं ठरवलं आहे आणि त्यासाठी मका पिशवीत भरून ठेवला आहे. विमानातून दाणे आणू देणार नाहीत हे मी त्याला सांगितलं. तर तो विचारतो आहे की तुमच्या गावात काय पिकायचं. नाचणी असेल तर मूठभर आणून ठेवा.

तुमची लेक