‘मॉडलिन’ म्हणजे हळवा नव्हे

महोदय,

रविवार पुरवणीतील शब्दांच्या सदरात ‘मॉडलिन’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ ‘भावुक, हळवा’ असा दिला आहे. त्यावर विसंबून मुलीच्या पाठवणीला डोळे पुसणाऱ्या बापाला कुणी मॉडलिन म्हटले, तर तो त्याचा अपमान होईल. हळवेपणात खोट नसते. मॉडलिन म्हणजे ऊठसूट गळा काढणारा, स्वतःचीच कीव करत रडणारा. दारू चढल्यावर जुन्या आठवणी उगाळत मुसमुसणाऱ्याला तर हे विशेषण हमखास लागते. १५९२मध्ये टॉमस नॅश या लेखकाने दारुड्यांचे प्रकार सांगताना पिता पिता प्रेमाचे भरते येऊन रडणाऱ्याला हेच नाव दिले होते.

शब्दाचे मूळ मात्र ‘मेरी मॅग्डलीनवरून’ एवढ्यावरच उरकले आहे, आणि माझी खरी तक्रार ती आहे. मराठी बायबलमधली ही मरीया मग्दालीया, येशूची अनुयायी. युरोपच्या चित्रकारांनी तिला शतकानुशतके केस मोकळे सोडून पश्चात्तापाने रडताना रंगवले, त्यातून हा शब्द आला. ऑक्सफर्डमध्ये १४५८ साली तिच्या नावाने स्थापन झालेल्या कॉलेजचा उच्चार आजही ‘मॉडलिन’च आहे.

पण पश्चात्ताप कसला? लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, येशूचे पाय आसवांनी भिजवणाऱ्या पापी स्त्रीचे नावच दिलेले नाही. ती आणि मरीया एकच, असे पोप पहिले ग्रेगरी यांनी ५९१च्या प्रवचनात सांगितले आणि ‘पतिता’ हा शिक्का मरीयेवर बसला. कॅथलिक चर्चने १९६९मध्ये उपासनेची दिनदर्शिका सुधारताना या दोघींना वेगळे केले. २०१६मध्ये तर २२ जुलैच्या मरीयेच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला.

येशूच्या कबरेपाशी ती रडली, हे खरेच आहे. पण बहुतेक शिष्य पळून गेले तेव्हा ती क्रुसाजवळ उभी होती. अंधार असतानाच ती कबरेकडे गेली, आणि योहानाच्या शुभवर्तमानाप्रमाणे पुनरुत्थित येशूने शिष्यांना निरोप सांगायला आधी तिलाच पाठवले. अशा धीराच्या बाईचे नाव दारुड्याच्या रडण्याला चिकटावे, याचे मला फार वाईट वाटते. आमच्या वसईत आजही हे नाव मुलींना ठेवतात. हे सदर शाळकरी मुले वाचतात, कात्रणे काढून वहीत चिकटवतात. म्हणून पुढच्या रविवारी शब्दाचा नेमका अर्थ आणि मरीयेची ही बाजू, दोन्ही छापावीत ही विनंती.

– एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका, वसई