‘सिकलिंग पॉझिटिव्ह’ एवढी नोंद पुरत नाही

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळ्यात पूर्व विदर्भात आणि नंदुरबारकडे ताप-खोकला घेऊन आलेल्या गरोदर स्त्रीच्या माता-बाल कार्डावर अनेकदा ‘सिकलिंग पॉझिटिव्ह’ एवढेच लिहिलेले असते. ही नोंद सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारासाठीच्या सोल्युबिलिटी या प्राथमिक चाचणीची. रक्तात एस हे सदोष हिमोग्लोबिन आहे, इतकेच तीवरून कळते. स्त्री वाहक (एएस) आहे की रुग्ण (एसएस), हे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणी केल्याशिवाय ठरत नाही, आणि उपचार तर त्यावरच अवलंबून असतात.

एसएस स्त्रीची पानथरी (प्लीहा) नीट काम करत नसल्याने न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकोकससारखे जंतू तिला लवकर गाठतात. न्यूमोनियात ऑक्सिजन घटला की तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि ऑक्सिजन आणखी घटतो. यालाच अक्यूट चेस्ट सिंड्रोम म्हणतात. सुरुवातीचा एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो, तेवढ्यावर तिला घरी पाठवू नये. ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप, छातीत दुखणे किंवा ऑक्सिजन ९५ टक्क्यांखाली, यांतले एकही असेल तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात भरती हवी.

वाहक स्त्रीची पानथरी सहसा शाबूत असते. तिला छातीच्या संसर्गाचा धोका साधारणपणे इतर गरोदर स्त्रियांइतकाच. ‘अर्धा सिकलसेल आहे’ म्हणून तिला घाबरवणे चूकच. मात्र रक्ताची गुठळी फुप्फुसात अडकण्याचा धोका तिला काहीसा जास्त असतो. एकाएकी धाप, एका पायाला सूज, छाती स्वच्छ पण ऑक्सिजन कमी, असे असताना खोकल्याचे औषध आणि अँटिबायोटिक देऊन वाट पाहण्यात जीव जाऊ शकतो.

अहवाल वाचतानाही चूक होते. गेल्या तीन महिन्यांत रक्त दिलेले असेल तर एसएस रुग्णही एएस दिसते. आणि अहवालात एस हे ए (सामान्य हिमोग्लोबिन) पेक्षा जास्त असेल तर ती नुसती वाहक नव्हे. सिकल-बीटा थॅलेसेमियाची (एका पालकाकडून सिकलसेल, दुसऱ्याकडून बीटा थॅलेसेमिया) शंका घेऊन तिला रुग्णच मानावे.

फ्लूची निष्क्रिय लस दोघींनाही, कोणत्याही महिन्यात देता येते. फ्लूची शंका आल्यास ओसेल्टामिविर हे फ्लूविरोधी औषध ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस. शक्यतो पहिल्या ४८ तासांत, आणि तपासणीच्या अहवालासाठी न थांबता. एसएस स्त्रीला न्यूमोकोकलची लस गर्भधारणेपूर्वीच मिळायला हवी. राहून गेली असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गरोदरपणातही देता येते.

२०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत ७ कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले गेले. त्यात किती चाचण्या झाल्या याबरोबरच किती गरोदर स्त्रियांचा पक्का पॅटर्न (एएस की एसएस) हाती आला, हेही जिल्हावार मोजले जावे. माता-बाल कार्डाच्या पहिल्या पानावर ‘एएस’ किंवा ‘एसएस’, ए आणि एस यांची टक्केवारी, चाचणीची तारीख आणि शेवटचे रक्त कधी दिले, एवढे लिहिणे आरोग्य विभागाने सक्तीचे करावे.

आपले,
प्रसूती व रक्तविकार विभागांतील डॉक्टर, नागपूर