अप्पांस पत्र: डायनमो, दिवे आणि टोचन

काउली, ऑक्सफर्ड
२ डिसेंबर

तीर्थरूप अप्पांस,
सुहासचा साष्टांग नमस्कार.

रविवारी आईला फोनवर "गाडी जरा बंद पडली होती" एवढंच बोललो, तर मागून तुमचा आवाज आला, "करंट की पेट्रोल?" करंट. पण सगळं फोनवर सांगायचं तर आई ऐकत होती आणि मेधा डोळे वटारत होती, म्हणून लिहायला बसलोय. आईला वाचून दाखवाल तेव्हा हायवेवर उभं राहिल्याचा भाग गाळा.

गाडी तुम्हाला फोटोतून माहीत आहेच. मॉरिस मायनर, १९६५ची, १०९८ सीसी. हे मॉडेल १९४८ साली बाजारात आलं आणि सत्तरीच्या सुरुवातीपर्यंत निघत राहिलं. सोळा लाखांच्या वर विकली गेली, त्यातल्या बहुतेक इथे, आमच्या घरापासून चालत जाता येईल अशा कारखान्यात बनल्या. आता त्याच्या शेजारच्या कारखान्यात मिनी बनते. तुमच्या अ‍ॅम्बॅसिडरचं मूळ, मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज थ्री, तेही इथलंच. त्यामुळे आमची मायनर म्हणजे अ‍ॅम्बॅसिडरची मावशी, कुटुंबातली सगळ्यात बुटकी. चाळीस वर्षांवरच्या गाडीला इथे रोड टॅक्स माफ असतो आणि दरवर्षीची तपासणीही सक्तीची नसते. ही गाडी घ्यायला मेधाला पटवलं ते याच मुद्द्यावर.

तर मागच्या शनिवारी साउथहॅम्प्टनला मेधाच्या मावसबहिणीकडून परत येत होतो. रस्ता ए-३४. साउथहॅम्प्टन बंदरातले कंटेनर उत्तरेकडे जातात ते याच रस्त्याने. दोन-दोन लेन, बाजूला थांबायला पट्टी नाही, मध्ये मध्ये फक्त ले-बाय, म्हणजे कडेला गाडी थांबवायच्या जागा. नोव्हेंबरात इथे चारच्या सुमारास सूर्य मावळतो. पाऊस, हेडलाइट, वायपर, हीटर, सगळं चालू. सटन स्कॉटनी मागे पडलं आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागला.

आयडलला तो लागतो, त्याचं काही नाही. सी-४० डायनमो, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा, कमी फेऱ्यांवर चार्ज करत नाही, कटआउट त्याला बॅटरीपासून तोडून ठेवतो. पण ताशी ऐंशीला लख्ख लाल? दिव्याचं एक टोक डायनमोकडे, दुसरं स्विचमार्गे बॅटरीकडे. दोन्हीकडचा दाब सारखा झाला की दिवा विझतो. हे तुम्ही मला साताऱ्यात पोवई नाक्यावरच्या तुमच्या दुकानात दोन सेल आणि एक बल्ब घेऊन शिकवलं होतंत. तेव्हा दिवा लख्ख याचा अर्थ डायनमोकडून काहीच येत नाही. पहिल्या ले-बायमध्ये घेतली, इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडलं. बेल्ट शाबूत आणि ताठ. म्हणजे पंखा फिरतोय, पाण्याचा पंप फिरतोय, इंजिन तापणार नाही. मग उरला फक्त बॅटरीचा हिशेब. हेडलाइट साताठ अँपिअर, छोटे दिवे दोन, कॉइल तीन-चार, वायपर दोन-तीन, पेट्रोलचा पंप थोडासा. हीटर बंद केला. ऑक्सफर्ड सत्तरेक किलोमीटर. बॅटरी नवी नाही, पण कागदावर पोचायला हरकत नव्हती, म्हणून निघालो.

कागदावर पुढचा अपघात नव्हता. न्यूबरीच्या अलीकडे सगळी रहदारी तुंबली. पंधरा अँपिअर जातायत, येत काहीच नाही, आणि आपण जागच्या जागी. आधी वायपर रेंगाळायला लागले, मग हेडलाइट पिवळे पडले. मायनरचा पेट्रोलचा पंप विजेवर चालतो, त्याची टकटक ऐकू येत असते, तीसुद्धा अंतराअंतराने यायला लागली. रांग हलली, बीकन हिलपाशी इंजिन दोनदा अडखळलं, आणि नशिबाने तिथे ले-बाय होता. उताराच्या जोरावर आत आलो. दिवे संपूर्ण गेले.

(इथून गाळा.)

या गाडीला हॅझार्ड लाइट नाहीत, तेव्हा ते नसायचेच. आणि असते तरी बॅटरीत काय होतं? दोनच दरवाजे, त्यामुळे पुढची सीट दुमडून ईराला मागून बाहेर काढलं, डाव्या बाजूने. लाल त्रिकोण मागे नेऊन ठेवला. नियम कमीत कमी ४५ मीटरचा, पण कंटेनर गेला की त्याच्या वाऱ्याने तो लोळायचा, मग शेवटी दगड लावला. तिघंही कठड्यापलीकडे गवतावर, छत्र्या उलट्या होतायत. गाडीत बसून राहू नये असा इथला सल्ला आहे आणि तो बरोबर आहे. अंधारात बिनदिव्याची काळी गाडी कुणाला दिसणार? तिकडे मध्यरात्र व्हायला आली होती, म्हणून तुम्हाला फोन केला नाही.

(इथपर्यंत.)

आता खरी गोष्ट. बिघाड काय होता ते मला रस्त्यावरच जवळजवळ कळलं होतं. गाडी घरी आणायची कशी, यातच रात्र गेली. आमच्या विम्याबरोबर मदतीची सोय आहे, तिथे फोन लावला. मुलगी फार गोड बोलत होती. गाडी ऑटोमॅटिक आहे का? नाही. हँडब्रेक इलेक्ट्रॉनिक आहे का? नाही. स्क्रीनवर कुठला इशारा दिसतोय? म्हटलं, स्क्रीन नाही, एक लाल दिवा होता, आता तोही नाही. गाडी कोणत्या वर्षाची? १९६५. "दोन हजार पंधरा?" नाही हो, एकोणीसशे पासष्ट. मग ती कुणाला तरी विचारायला गेली. काही विम्यांत ठरावीक वयापुढच्या गाडीला मदतच मिळत नाही. आमच्यात मिळते, हे मी आधी वाचून घेतलेलं होतं, ते तिला वाचून दाखवावं लागलं.

पहिला आला तो व्हॅनवाला, पंचविशीतला पोरगा, कामाला चटपटीत. हातात संगणक. स्टीअरिंगखाली प्लग शोधायला लागला, मीच म्हटलं, शोधू नकोस. हसला, संगणक व्हॅनमध्ये ठेवून आला आणि स्टार्ट द्यायचा बूस्टर घेऊन आला. लाल चिमटा बॅटरीच्या बॉडीला न जोडलेल्या टोकाला, काळा बॉडीला, असं त्याचं सवयीचं. लावणार तेवढ्यात मी त्याचा हात धरला. अप्पा, या गाडीची अर्थिंग पॉझिटिव्ह आहे! बॉडीला जोडलेलं टोक म्हणजे प्लस. त्याने लावलं असतं तर बॅटरीला उलटा करंट, ठिणग्या, आणि बूस्टरचंही काय झालं असतं कोण जाणे. त्याला टॉर्चने अर्थची जाड पट्टी दाखवली, बॅटरीवरची खूण दाखवली. त्याने दोनदा पाहिलं आणि मग प्लसला प्लस, मायनसला मायनस, थेट बॅटरीच्या टोकांवर लावलं. पहिल्या झटक्यात इंजिन चालू. पण चालू करून उपयोग काय? डायनमो देत नाही, दिवे लावले की पुन्हा तेच. रात्री, पावसात, बिनदिव्याची ए-३४ वर न्यायची नाही यावर आमचं दोघांचं एकमत झालं.

मग टोचन. व्हॅनच्या मागे त्याची एक घडीची ट्रॉली होती, पुढची दोन चाकं उचलून धरणारी. मायनरचे टायर तुमच्या लूनापेक्षा थोडेच जाड; ट्रॉलीचे पट्टे हल्लीच्या रुंद टायरांसाठी, ते काही केल्या बसेनात. दोरीने ओढायचं तर इथला नियम असा: दोन गाड्यांत साडेचार मीटरपेक्षा जास्त अंतर नको, दोर लांब असेल तर त्यावर रंगीत फडकं, मागच्या गाडीवर 'ऑन टो' पाटी, आणि मागच्या गाडीत लायसन्सवाला माणूस. आपल्याकडे घाटात जाड दोर बांधून, मागच्या गाडीत हेल्परला बसवून आपण काय काय आणलंय ते आठवलं, पण या रस्त्यावर, बिनदिव्याची गाडी दोरीला? तोही नाही म्हणाला, मीही. त्याने सपाट पाटाचा ट्रक मागवला आणि तो येईपर्यंत आपले पिवळे दिवे फिरवत आमच्या मागे उभा राहिला. त्याला तसं कुणी सांगितलं नव्हतं. मेधाने त्याला चकल्यांची अख्खी पिशवी देऊन टाकली.

ट्रकवाला वयस्क होता, त्यामुळे मला वाटलं सुटलो. त्याने पाट तिरका केला, विंचचा हुक काढला आणि विचारलं, टोइंग आय कुठाय? हल्लीच्या गाड्यांना बंपरवर एक झाकण असतं, ते काढून त्यात आकडा फिरवून बसवायचा. मायनरला नाही. तो वाकला आणि हुक सरळ पुढच्या टाय रॉडकडे न्यायला लागला. तिथे ओढलं की रॉड वाकला, आणि मग चाकांची दिशा गेली. पुढचं सस्पेन्शन हा या गाडीचा नाजूक भाग, तिथला खालचा ट्रनियन, म्हणजे चाक धरणारा सांधा, झिजला की चाक आडवं पडतं हे इथे प्रत्येक मायनरवाल्याला पाठ असतं. बंपरला लावायचं तर बंपर हातात येणार. तुम्ही काय केलं असतं याचा विचार केला आणि म्हटलं, उलटी चढवू. मागचा अ‍ॅक्सल एकसंध नळी, त्याच्यासारखी भक्कम जागा नाही. तो कुरकुरला, पण व्हॅनवाला पोरगा माझ्या बाजूने. तिघांनी ढकलून गाडी ले-बायमध्येच फिरवली. साडेसातशे किलोच्या आसपासची गाडी, फिरते. अ‍ॅक्सलवरून ब्रेकची बारीक नळी जाते, ती सोडून कापडी पट्टा बांधला, आणि मी आत बसून स्टीअरिंग सरळ धरलं. चढली.

वाटलं आता घर. तर ट्रकवाल्याची हद्द चीव्हलीपर्यंतच, तिथल्या सर्व्हिसेसमध्ये, म्हणजे हायवेवरच्या थांब्यावर, दुसऱ्या ट्रकवर चढवायची! म्हणजे पुन्हा उतरवा, पुन्हा तोच प्रश्न, टोइंग आय कुठाय. दुसऱ्याला मी तोंड उघडायच्या आधी पहिल्यानेच सांगितलं, "मागून घे, पट्टा अ‍ॅक्सलला, नळी सांभाळ." ते ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मला मात्र हा हद्दीचा प्रकार काही पटला नाही. ज्या गाडीला चढवणं-उतरवणं हाच खरा धोका, तिला रस्त्यात दोनदा चढवायची. पोचलो तेव्हा ईरा झोपून गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॅटरी चार्ज केली आणि तुमच्या पद्धतीने सुरुवात केली. डायनमोच्या डी (करंट बाहेर नेणारी) आणि एफ (आतल्या फील्ड कॉइलला करंट देणारी) दोन्ही वायरी काढल्या, दोन्ही टोकं तारेच्या तुकड्याने जोडली, तिथून बॉडीपर्यंत मीटर लावला, इंजिन हळूहळू वाढवलं. काटा सरसर चढला, वीस व्होल्टच्या पुढे जाऊ दिला नाही. म्हणजे आर्मेचर, ब्रश, फील्ड सगळं ठीक. मग कटआउटच्या डब्याकडे न जाता आधी वायरी तपासल्या. डी ठीक. एफच्या एका टोकाला टेस्ट लॅम्प लावला, वायर हलवली की दिवा लागायचा आणि विझायचा. वरचं आवरण अगदी धड, आतला तांब्याचा दोर तुटलेला. कारण उघड आहे: आधीच्या कुणीतरी डायनमो काढून पुन्हा बसवताना ही वायर आखूड केली होती. इंजिन रबरी माउंटिंगवर डोलतं, वायर ताणलेली, रोज थोडी थोडी तुटत गेली. फील्ड गेलं की डायनमो नुसता फिरणार. नवा तुकडा डाख देऊन जोडला, स्लीव्ह चढवली आणि ढील ठेवली. दिवा विझला, मीटर चौदाच्या आसपास. खर्च म्हणाल तर चहाइतका.

इथे जुन्या गाड्यांवाले, गाडीतले विजेचे भाग बनवणाऱ्या लुकास कंपनीला 'अंधाराचा राजपुत्र' म्हणून चिडवतात. मला ते अन्यायाचं वाटतं. १९६५चा डायनमो, ६५ सालचाच कटआउट, दोन्ही अजून चालतायत. तुमच्या कपाटात लुकास टीव्हीएसचे हिरवे-पांढरे खोके असायचे, त्यातला माल तुम्ही कधी शिव्या देत बसवल्याचं मला आठवत नाही. शिव्या तुम्ही वायरला टेप गुंडाळून जाणाऱ्यांना द्यायचात.

आता एक विचारायचं आहे. इथले बरेच जण डायनमो काढून आल्टरनेटर बसवतात आणि अर्थिंग निगेटिव्ह करून घेतात. फायदे मला दिसतात: आयडललाही चार्ज होतं, आमच्या बावीस अँपिअरच्या डायनमोच्या जवळजवळ दुप्पट करंट मिळतो, आणि बूस्टरवाल्याचा हात धरावा लागत नाही. मेधाचं मत 'उद्याच बसव'. माझं मन होत नाही, पण हिवाळ्यात रात्रीची रांग पुन्हा लागणारच आहे. तुम्ही असता तर काय केलं असतंत? आणि ठेवायचाच ठरला तर सी-४० चे कार्बन ब्रश अजून साताऱ्यात मिळतात का? नाक्यावर विचारून बघा. मिळाले तर दादा जानेवारीत येतोय, त्याच्याबरोबर दोन जोड पाठवा.

गाडीत आता टॉर्च, टेस्ट लॅम्प, वायरचं बंडल, एक बॅटरीवर चालणारा लुकलुकता दिवा आणि मागच्या अ‍ॅक्सलला बांधायचा आमचा स्वतःचा पट्टा ठेवलाय. बॅटरीच्या शेजारी लाल रंगाने मोठ्या अक्षरांत 'पॉझिटिव्ह अर्थ' असं लिहिलंय, इंग्रजीत.

आईचा गुडघा कसा आहे ते तिने फोनवर उडवून लावलं. तुम्ही खरं काय ते लिहा. ईराचा दोघांना पापा.

तुमचा,
सुहास

ता. क. दादाची बुलेट पावसात बंद पडते म्हणत होता. त्याला सांगा, दुकानात नेण्याआधी बॅटरीची अर्थ वायर काढून, घासून पुन्हा घट्ट बसव. माझ्या तोंडून ऐकायचा नाही, तुम्ही सांगा.