बोर्डाची जुनी जागा

प्रिय दोस्ता,

सहा महिने झाले, तुला एक ओळ नाही. तुझं पत्र टेबलाच्या खणात, टेबल प्लॅस्टिकच्या कागदाखाली आणि कागदावर बोटभर धूळ. सबब सांगत नाही. मनात रोज होतं, बसणं झालं नाही. गुडघा बरा आहे, बाकी सगळे ठीक. घराची दुरुस्ती आणि रंगकाम काढलंय, त्यामुळे सध्या अख्खं घर एका खोलीत राहतंय. धाकटीने रंगाच्या शिडीची तिसरी पायरी बळकावली आहे, अभ्यास तिथेच होतो, आणि शिडी लागली की रंगाऱ्याला तिची परवानगी काढावी लागते.

आधी तुझं देणं फेडतो. कोपऱ्यातल्या ओलीवरून आपलं वाजलं होतं, आठवतंय ना? मी म्हणत होतो, पाऊस बाहेरून मुरतोय. तू म्हणत होतास, पाऊस जाऊन चार महिने झाले तरी भिंत गार लागते, म्हणजे पाणी घरातलंच. मग तू चपला घालून तडक निघालास आणि तात्यांना मध्ये पडावं लागलं. तर बाथरूमची लादी उखडली, तेव्हा नाणीट्रॅपच्या, म्हणजे सांडपाणी जातं त्या जाळीखालच्या, पाईपचा सांधा सुटलेला निघाला. पाणी थेंबाथेंबाने भिंतीच्या मुळाशी जात होतं आणि विटा ते टिपकागदासारखं वर ओढत होत्या. लोणा लागून पोपडे पडायचे आणि मी त्यावर रंगाचे हात देत राहिलो. तू बरोबर होतास. हे लिहून फार हलकं वाटतंय. आता वॉटरप्रूफिंग करून ४८ तास पाणी भरून ठेवलं, पातळीवर खडूची रेघ मारली. धाकटी दर तासाला जाऊन रेघ बघायची आणि ओरडायची, "पाणी अजून आपल्याच घरात आहे!"

पण लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणाने. आत्याचं शेवटचं वर्ष तू काढलंस, म्हणून हे तुलाच कळेल.

आईच्या खोलीतला दिव्याच्या बटणांचा बोर्ड हलवला. जुना बोर्ड पलंग आणि दार यांच्या मधोमध होता, आत येणाऱ्याला तीन-चार पावलं अंधारात चालावं लागायचं. वायरमन म्हणाला, दाराशी घेऊ, आत आलं की हाताशी. मलाही पटलं. जुन्या वायरिंगला अर्थिंग नव्हतं, ते सगळं बदलायचंच होतं. भिंतीत झिऱ्या मारल्या, पाईप टाकले, जुना खड्डा बुजवून गिलावा केला.

परवा रात्री अडीचच्या सुमाराला जाग आली. आईच्या खोलीतून आवाज येत होता, भिंतीवरून तळहात फिरवल्यासारखा. जाऊन दिवा लावला. ती जुन्या जागेसमोर उभी होती, हात नव्या गिलाव्यावर. हात मागे घेतला तेव्हा बोटांना राखाडी लागलेलं. "इथंच होतं रे," एवढंच म्हणाली आणि बोटं पदराला पुसत पलंगाकडे वळली.

मला पुढे झोप नाही. बोर्ड आम्ही बाहेरून आत येणाऱ्याच्या सोयीने लावला, आणि ती तर आतच असते. तिला आता दिसतं कमी, पण अंधारात ती कधी अडखळली नाही, कारण घर तिच्या हातापायांत होतं. पलंगाची कड, कपाटाची मूठ, बोर्ड, मग उंबरठा. बाथरूमचं दार आता बाहेर उघडतं, कारण आत कुणी पडलं तर बाहेरून उघडता यावं. उंबरठा काढला, ठेच लागू नये म्हणून. एकेक गोष्ट घेतली तर बरोबरच आहे, आणि सगळं तिच्यासाठीच केलं. पण सगळं एकाच महिन्यात बदललं आणि तिला विचारलं ते फक्त रंग कोणता हवा म्हणून!

आत्याकडे रंगकाम चाललं होतं तेव्हा तू रोज संध्याकाळी तिची खुर्ची होती त्याच फरशीवर परत आणून ठेवायचास. पाय चारही कोपऱ्यांना जुळले की नाही ते वाकून बघायचास. मी त्याला हट्ट म्हणालो होतो. तो शब्द मागे घेतो.

सकाळी वायरमनला बोलावलं. तो म्हणाला, टू-वे करून देतो, जिन्यात असतं तसं. दिवा एक, बटणं दोन. दाराशी लावा, तिकडे विझवा. पण त्यासाठी परत झिरी मारायची. गवंडीदादांचा चेहरा पडला, सात दिवस त्यांनी त्या गिलाव्याला पाणी मारलं होतं. मग त्यांनीच आईला म्हटलं, "आजी, डोळे मिटा आणि हात ठेवा." तिचा तळवा टेकला तिथे पेन्सिलने गोल काढला. जुन्या बोर्डापेक्षा चार बोटं खाली. मी दोनदा मोजलं.

बटण उद्या बसेल, ते मिटलं. उंबरठ्याचं मात्र सुचत नाही. तो गेला तरी तिचा पाय दाराशी आला की उचलला जातो, आणि खाली टेकताना क्षणभर तोल जातो. चौकटीशेजारी धरायला दांडी बसवतोय, नुसत्या गिलाव्यात नाही, पक्क्या विटेत.

तुझ्या बदलीचं कळलं. मोठीचा निकाल कळव. वहिनींना नमस्कार, त्यांच्या पाठीला आराम पडला असेल. आणि हे नक्की लिही: आत्याच्या खोलीत दाराच्या चौकटीला, कमरेच्या उंचीवर, तू काहीतरी बांधलं होतंस. ती जाता-येता त्याला हात लावायची. ते काय होतं?

तुझाच,
मी