आईची 'औषध नसलेली' कॅप्सूल

संपादक महोदय,

आपल्या आरोग्य पुरवणीतला पुदिन्यावरचा लेख वाचला. पुदिन्याचे गुण छान सांगितले आहेत, पण 'वनस्पतीच असल्याने इतर औषधांबरोबर निर्धास्त घ्यावा' हे वाक्य खटकले. त्या निर्धास्तपणाचा अनुभव आमच्या घरी नुकताच आला.

आईला रक्तदाबाची गोळी चालू आहे, शिवाय आम्लपित्ताचे औषध. पोट फुगते म्हणून तिने कुणाच्या तरी सांगण्यावरून पेपरमिंट (पुदिन्याचाच एक प्रकार) तेलाच्या कॅप्सूल सुरू केल्या. चार दिवसांत छातीत जळजळ आणि थंडगार ढेकर. आम्लपित्तच वाढले असे समजून ती पातळ अँटासिड जास्त घेऊ लागली, तर जळजळ आणखी वाढली! डॉक्टरांनी विचारले, "आणखी काही घेता का?" आई ठामपणे म्हणाली, "नाही." मी कॅप्सूलची आठवण केली, तर म्हणते, "अगं, ते काय औषध आहे?"

खरी गोम तिथेच होती. या कॅप्सूलचे आवरण पोटातल्या आम्लात टिकावे आणि पुढे आतड्यात गेल्यावर विरघळावे असे बनवलेले असते. अँटासिडने आम्ल कमी झाले की ते पोटातच विरघळते. तेल तिथेच मोकळे होते आणि त्यातला मेंथॉल अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी असलेला स्नायू सैल करतो. मग आम्ल वर येणारच. म्हणजे आई ज्यावर उपाय करत होती, ते तिचा उपायच वाढवत होता. दोन्हींत काही तासांचे अंतर ठेवायला हवे होते, इतकेच.

रक्तदाबाच्या गोळीबद्दलही डॉक्टरांनी सावध केले. यकृतातले आणि आतड्यातले एक विकर (सीवायपी ३ए४) अनेक औषधांचा निचरा करते. पेपरमिंट तेल त्याला काहीसे आवरते, त्यामुळे फेलोडिपिनसारख्या गोळीची रक्तातली पातळी वाढू शकते. ग्रेपफ्रूटच्या रसाचा असाच परिणाम १९८९ मध्ये लक्षात आला, तोही याच फेलोडिपिनच्या अभ्यासात. सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती नेमके उलटे करते, औषधाची पातळी उतरवते. एचआयव्हीवरच्या इंडिनाविर या औषधाबाबत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००० साली तसा इशाराही दिला होता. आणि आपला गोड ज्येष्ठमध? रोज भरपूर घेतला तर पोटॅशियम घटते, रक्तदाब चढतो. लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांनीही पोटॅशियम कमी होते, त्यात ही भर.

पुदिन्याला बदनाम करायचे नाही. कधीतरी कपभर पुदिन्याचा चहा घेणे आणि तेलाच्या कॅप्सूल रोज घेणे यांत मोठा फरक आहे. मात्र लोहाची गोळी त्या चहाबरोबर घेऊ नये, लोह कमी शोषले जाते. आणि हे वाचून कुणी डॉक्टरांनी दिलेली गोळी परस्पर बंद करू नये, ते जास्त धोक्याचे.

माझी विनंती एवढीच, की अशा लेखांखाली एक लहान चौकट द्यावी: ही वनस्पती कोणत्या औषधांबरोबर घेऊ नये, किती अंतर ठेवावे, कुणी आधी विचारावे. आणि डॉक्टरांकडे जाताना बाटलीच सोबत न्यावी, असेही त्यात लिहावे. आईला कॅप्सूलचे नाव शेवटपर्यंत आठवले नाही. बाटली दाखवली तेव्हा कुठे उलगडा झाला.

आपली,
एक नियमित वाचक