अंगणवाडीच्या ताईंना, डब्यासोबत

ताई, नमस्कार.

तुमचा स्टीलचा डबा गेल्या जुलैपासून माझ्याकडे आहे. भांडं रिकामं परत देऊ नये म्हणतात, आणि तेव्हा त्यात घालायला घरात चिमूटभर साखरही नव्हती. म्हणून तो फळीवर तसाच राहिला. आज देतेय, सोबत हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण रेशनच्या मशीनवर अंगठा उठत नाही म्हणून गप्प बसलेली आपल्या मानखुर्दात मी एकटीच नसणार.

त्या दिवशी तुम्ही पोराच्या दंडाला मापाची पट्टी लावलीत आणि ती पिवळ्यावर आली, म्हणजे पोर अंगाने कमी. दुसरं कुणी असतं तर "खायला देत नाहीस का" असं सगळ्यांदेखत विचारलं असतं. तुम्ही सहज विचारलंत, "काल रात्री काय केलं होतंस गं?" मी म्हटलं, वरणभात. तेवढ्यात आमचा साडेतीन वर्षांचा हरिश्चंद्र बोलला, "नाय, मीठभात." तुम्ही हसलात, मीही हसले, आणि मग मला पुढे बोलताच येईना. जाताना तुम्ही तो डबा हातात ठेवलात. उसळ होती मटकीची.

पावसात नाक्यावर रंगकाम लागत नाही. हे सकाळी आठला जायचे आणि अकराला परत. माझी चार घरची धुणीभांडी, त्यातलं निम्म्याहून जास्त खोलीच्या भाड्याला. वाण्याने उधारीची वही मिटली होती. मोठी मुलगी शाळेतली खिचडी अर्धी खायची आणि अर्धी भावासाठी घेऊन यायची. शनिवार आला की मला उद्याची धास्ती वाटायची.

रेशनचं म्हणाल, तर कार्ड केशरी, त्यावर प्राधान्य कुटुंबाचा शिक्का, माणशी ५ किलो धान्य, जानेवारी २०२३ पासून तेही फुकट. पण भांडी घासून माझ्या बोटांच्या रेषाच गेल्यात. अंगठा ठेवला की मशीन नाही म्हणे. पदराला पुसून पुन्हा ठेवायचा, पुन्हा नाही. दुकानदार म्हणायचा, पुढच्या महिन्यात बघू. असे दोन महिने गेले. कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून बाईचं नाव लागतं, ते माझं, म्हणून ठसाही माझाच लागणार अशी माझी समजूत. तुम्ही म्हणालात, "अगं, कार्डात नाव असलेल्या कुणाचाही चालतो!"

यांचे हात चुन्या-सिमेंटने माझ्याहून वाईट. राहिले मामंजी. गुडघे धरलेले, दोन वर्षं गल्लीबाहेर पडले नव्हते. तुम्ही रिक्षा बोलावलीत, मीटरचे २६ रुपयेही तुम्हीच दिलेत. तुमच्या कामाला सरकार पगार म्हणत नाही, मानधन म्हणतं, त्यातले ते २६ रुपये. दुकानदार कुरकुरला तेव्हा तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "इथे होत नसेल तर राहू द्या, हे कार्ड दुसऱ्या दुकानातही चालतं." मामंजींनी अंगठा धोतराला पुसला, ठेवला, आणि पहिल्या फटक्यात पावती बाहेर. जन्मभर जालन्याकडे नांगर धरलेला अंगठा! येईल त्याला ते अजून हेच सांगतात.

चार नावांचे २० किलो. घरी आल्याआल्या मी तांदूळ निवडायला बसले. खडे होते, सोंडेही निघाले. पण बऱ्याच दिवसांनी ताटात निवडायला काही होतं.

मग धाकट्याचं नाव चढवायचं तुम्हीच काढलंत. जन्मदाखला, आधार, अर्ज, कार्यालयात दोन खेपा. "पोचपावती हातात पडल्याशिवाय खिडकी सोडू नकोस," हे वाक्य मी आता इतर बायकांना सांगते. डिसेंबरपासून २५ किलो येतात. डाळ, तेल आणि गॅस विकतच आहे, ते ओझं काही उतरलेलं नाही. पण वाण्याची वही पुन्हा उघडली, आणि मुलगी खिचडी पूर्ण खाते.

समोरच्या खोलीतल्या वहिनींचं मात्र अडलंय. कार्ड केशरीच, पण शिक्का नाही. शिक्क्यासाठी शहरात वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये, म्हणजे महिन्याला पाच हजारही नाहीत. एवढ्यात मुंबईत भाडं भरून जेवतं कोण? त्यातही त्या बसतात, तर इष्टांक, म्हणजे शिक्क्यांचा ठरलेला आकडा, संपला म्हणून सांगतात. त्यांना घेऊन सोमवारी तुमच्याकडे येतेय. आभार मानता मानता नवीन काम गळ्यात घालते म्हणून रागावू नका.

पोराची पट्टी आता हिरव्यावर आहे, हे तुम्हीच गेल्या महिन्यात बघितलंत.

डब्यात धिरडी आहेत, रेशनच्याच तांदळाची, जिरं-मिरची घालून. मुलगी घेऊन येईल. झाकण जरा घट्ट बसतंय, उलथण्याच्या टोकाने उघडा.