पेन घेताना आधी शाई पाहावी

पुणे

प्रिय शरद,
सप्रेम नमस्कार.

नव्या शाळेत रुजू होताना पेन आणि मार्कर कोणते घ्यावेत, असे तू विचारले आहेस. माझे ठाम मत असे की, रूप आणि किंमत यांच्याआधी आत शाई कोणती आहे ते पाहावे. बॉलपेनची शाई तेलकट असल्यामुळे पातळ कागदावरही फुटत नाही. जेलपेनची शाई पाण्यात कालवलेली असल्याने ठसठशीत उमटते खरी, पण मुलांच्या स्वस्त वह्यांत ती पसरते आणि पाठीमागे दिसते. म्हणून वह्या तपासायला ०.७ मिलिमीटर टोकाचे लाल बॉलपेनच घे.

हजेरीपट आणि दाखले यांचे मात्र वेगळे आहे, कारण त्या नोंदी वर्षानुवर्षे टिकायला हव्यात. तिथे युनिबॉल आयसारखे पिगमेंट शाईचे, म्हणजे पाण्यात न विरघळणाऱ्या बारीक रंगकणांच्या शाईचे पेन वापरावे. पारख सोपी आहे: दोन ओळी लिहून त्या पूर्ण वाळू द्याव्यात आणि वरून ओले बोट फिरवावे, पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची शाई लगेच ओघळते, पिगमेंटची रेघ जागची हलत नाही. घासून खोडता येणारे पेन तर अशा कागदांना लावूच नकोस. त्याची शाई साठ अंशांच्या आसपासच्या उष्णतेने दिसेनाशी होते.

फळ्याच्या मार्करची शाई अल्कोहोलमध्ये असते आणि वाळल्यावर पृष्ठभागाला घट्ट न धरता वरच राहते, म्हणून डस्टरने निघते. कोणी परमनंट मार्करने लिहून ठेवलेच, तर त्याच अक्षरांवरून फळ्याचा मार्कर गिरवून ओले असतानाच पुसावे. नवी शाई जुनीला विरघळवते. मार्कर नेहमी आडवे ठेव, नाहीतर रंग एका टोकाला बसतो आणि अक्षर फिके येते. शक्यतो पुन्हा शाई भरता येणारेच घे. कॅमलिनचे तसे मिळतात, आणि दांडेकर बंधूंचा हा उद्योग १९३१ साली मुळात शाईपासूनच सुरू झाला, याचे मला फार अप्रूप आहे.

डझनाचा खोका एकदम घेऊ नकोस. एकच नग घेऊन आठवडाभर वापर, कारण दुकानात बराच काळ पडून राहिलेला माल पहिल्या पानावर छान चालतो आणि नंतर अडखळतो. मी रविवारी अप्पा बळवंत चौकात जाणार आहे. त्याआधी तुझ्या शाळेतल्या वहीचा एक कोरा कागद पाठव, म्हणजे त्यावरच लिहून पाहून तुझ्यासाठी पेन निवडता येतील.

तुझा,
माधव